लाल रेघेमागचं रसायन

मलेरियाची तपासणी पट्टी दिसायला अगदी साधी. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब, त्यावर द्रावणाचे चार थेंब, आणि वीसेक मिनिटांत उमटणारी लाल रेघ. गडचिरोलीच्या गावांत आशाताई ही तपासणी रुग्णाच्या दारातच करतात. सूक्ष्मदर्शक लागत नाही, वीजही लागत नाही. या स्वस्ताईचं श्रेय आपण कागदाला देतो. पण पट्टीचा भरवसा ठरतो तो त्या कागदावर प्रतिपिंड किती नीट बसवलं आहे यावर, आणि संशोधनाचा पैसाही तिथेच जायला हवा, असं मला वाटतं.

प्रतिपिंड हे दोन हात पसरलेलं प्रथिन. लांबी मिलिमीटरच्या जेमतेम एक लाखांश भागाएवढी. या हातांनी ते मलेरियाच्या परजीवीचं प्रथिन पकडतं. रेघेच्या जागी प्रतिपिंडं बसवलेली असतात. रक्ताबरोबर वाहत येणाऱ्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवरही प्रतिपिंडं असतात. परजीवीचं प्रथिन दोहोंच्या मध्ये अडकलं की कण तिथेच साचतात आणि लाल रेघ दिसते. रेघेवरची प्रतिपिंडं प्रवाहाबरोबर वाहून गेली, तर सगळंच फसतं. साधा कागद म्हणजे सेल्युलोज. त्याला प्रथिनं घट्ट चिकटत नाहीत. म्हणून नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेतून तयार होणारं नायट्रोसेल्युलोज वापरतात. त्यावर ती आपोआप बसतात.

मग साध्या कागदाचा अट्टहास कशाला? कारण नायट्रोसेल्युलोज महाग, ठिसूळ आणि चटकन पेट घेणारं आहे. शिवाय त्यावर प्रतिपिंडं वाटेल तशी पडतात. ज्यांचे हात खाली दबले, ती वाया जातात, आणि प्रतिपिंड ही तर पट्टीतली महागडी वस्तू. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने 2007 मध्ये साध्या कागदावर द्रवासाठी वाटा आखून दाखवल्या. अशा कागदावर प्रतिपिंडं घट्ट बसवायचे मार्गही आहेत. पेरिआयोडेट या रसायनाने सेल्युलोजवर अल्डिहाइड गट तयार केले, तर प्रथिनं त्यांच्याशी रासायनिक बंधाने जोडली जातात. मात्र हा बंध प्रथिनाच्या कुठल्याही बाजूने जुळू शकतो. त्याहून नेमका मार्ग म्हणजे सेल्युलोजला धरणारा जिवाणूंमधला प्रथिनखंड प्रतिपिंडाच्या मागच्या टोकाला जोडणं. मग हात मोकळे राहतात.

पट्टी प्रयोगशाळेइतकी संवेदनशील नसते, हा आक्षेप खराच आहे. रक्तात परजीवी कमी असतील, तर ती चुकू शकते. काही परजीवींमध्ये, पट्टी जे प्रथिन शोधते, ते बनवणारं जनुकच नसतं. पेरूमधल्या अशा परजीवींची नोंद 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे जोडणीचं रसायन कामाचं नाही. पण उष्णतेने आणि दमटपणाने निकामी होणाऱ्या प्रतिपिंडांवर इलाज आहे: घट्ट जोडणी, ट्रेहॅलोजसारख्या शर्करेत वाळवणं, ओलावा रोखणारं वेष्टन. म्हणून सरकारी खरेदीत पट्टीच्या किमतीइतकंच वजन आणखी एका प्रश्नाला मिळायला हवं: उन्हाळाभर उपकेंद्रात पडून राहिल्यावरही तिची रेघ खरं सांगते का? चुकीचा दिलासा देणारी पट्टी फुकट मिळाली, तरी रुग्णाला महागच पडते.