रिकाम्या हातांचा खेळ

४ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट, म्हणजे एक्सबॉक्स या गेम कन्सोलला जोडायचं आणि कॅमेऱ्यानं अंगाच्या हालचाली टिपणारं उपकरण, विक्रीला आलं आणि पहिल्या ६० दिवसांत त्याचे ८० लाख नग खपले. घरगुती वापराचं कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण तोवर इतक्या झपाट्यानं विकलं गेलं नव्हतं. गिनेस बुकानं तशी नोंदही केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याचं उत्पादन बंद झाल्याचं जाहीर झालं. मधल्या सात वर्षांत नेमकं काय बिनसलं, यावर गेम खेळणाऱ्यांमध्ये अजून हमरीतुमरी होते. काहींच्या मते तंत्रज्ञानच कच्चं होतं, काहींच्या मते ते काळाच्या पुढचं होतं आणि लोकांना त्याची किंमत कळली नाही. मला दोन्ही म्हणणी अर्धीच वाटतात. कॅमेरा उत्तम होता. त्याच्यापुढे उभं राहून खेळता येतील असे चांगले खेळ मात्र थोडे होते, आणि ते थोडेच का राहिले याचं कारण कॅमेऱ्याच्या दर्जात सापडत नाही.

“निन्टेन्डो वीपासून सगळी उपकरणं एकाच जातीची”

हा सर्वांत पसरलेला गोंधळ. २००६ मध्ये आलेल्या निन्टेन्डो वीसोबत टीव्हीवर ठेवायची एक काळी पट्टी मिळायची. तिचं नाव ‘सेन्सर बार’, म्हणून ती आपल्याला बघते असं घरोघरी समजलं जायचं. प्रत्यक्षात तिच्यात सेन्सर नावाला नव्हता. दोन्ही टोकांना इन्फ्रारेड दिवे, बस्स. तिची वायर कन्सोलला जोडायची ती फक्त विजेसाठी. कॅमेरा होता हातातल्या रिमोटच्या टोकाला. तो त्या दिव्यांकडे बघून आपण पडद्यावर कुठे नेम धरलाय ते काढायचा. रिमोट किती जोरात फिरला हे आतला अ‍ॅक्सेलरोमीटर सांगायचा. म्हणून तर पट्टी बिघडली की लोक टीव्हीपुढे दोन मेणबत्त्या लावून काम भागवत. मेणबत्तीतूनही इन्फ्रारेड निघतं, रिमोटला तेवढं पुरे.

सोनीनं २०१० मध्ये आणलेल्या प्लेस्टेशन मूव्हचा मार्ग आणखी वेगळा. टीव्हीजवळ साधा रंगीत कॅमेरा आणि हातातल्या दांडीवर उजळणारा गोळा. गोळा चित्रात मोठा दिसला तर हात जवळ, लहान दिसला तर लांब. या दोन्हींत खेळाडूच्या हातात काहीतरी असतंच, आणि त्यावर बटणंही असतात. पुढच्या सगळ्या चर्चेत हा मुद्दा लागणार आहे.

हातात काहीच न धरता खेळण्याची कल्पनाही किनेक्टची नव्हे. मायरन क्रूगर या अमेरिकी संशोधक-कलावंतानं १९७० च्या दशकातच ‘व्हिडिओप्लेस’मध्ये माणसांच्या छायाकृती पडद्यावर नाचवल्या होत्या. घरात ही कल्पना पोचवली ती सोनीच्या आयटॉयनं, २००३ मध्ये. रिचर्ड मार्क्स यांच्या कल्पनेतून आलेला हा प्लेस्टेशन २ चा छोटा कॅमेरा एका चित्रातून दुसऱ्या चित्रात काय बदललं एवढंच बघायचा. पडद्यावरच्या काचेवर हात फिरवा, काच पुसली जाते. मागे कोणी खिडकीचा पडदा हलवला तरी काच पुसली जायची, कारण हात कोणता आणि पडदा कोणता हे त्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता. खोलीत उजेड कमी पडला की लाल दिवा लुकलुकायचा.

“किनेक्टला अंधारात दिसत नाही, आणि सावळी माणसं ओळखता येत नाहीत”

इथे दोन वेगळ्या कॅमेऱ्यांची गल्लत झाली आहे. किनेक्टमध्ये एक साधा रंगीत कॅमेरा होता, आणि त्याखेरीज इस्रायलच्या प्राइमसेन्स कंपनीनं तयार केलेली अंतर मोजायची यंत्रणा. एक प्रोजेक्टर डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांची ठरलेली नक्षी खोलीभर टाकायचा आणि थोड्या अंतरावरचा दुसरा कॅमेरा ती वाचायचा. दुपारच्या उन्हात खिडकीच्या ग्रिलची सावली जमिनीवर सरळ पडते, पण मध्ये कोणी येऊन उभं राहिलं की अंगावर तिच्या रेषा सरकतात, वाकतात, तसंच हे. ठिपके मूळ जागेपासून किती सरकले यावरून तो भाग किती दूर आहे याचं गणित मांडता येतं. सेकंदाला ३० वेळा असा अंतरांचा नकाशा तयार व्हायचा. जवळच्या वस्तूचं अंतर काही मिलिमीटरच्या फरकानं कळायचं, चार-पाच मीटरवर चूक काही सेंटिमीटरपर्यंत जायची.

उजेड स्वतःचाच असल्यामुळे किनेक्टचं हे काम मिट्ट काळोखातही चालायचं. उलट भर उन्हात ते गडबडायचं, कारण सूर्याच्या इन्फ्रारेडमध्ये ठिपके बुडून जात. कातडीच्या रंगाचा आरोप नोव्हेंबर २०१० मध्येच झाला. तो शरीराच्या हालचाली टिपण्याबद्दल नव्हता. चेहरा बघून खेळाडूला आपोआप लॉग-इन करण्याच्या सोयीबद्दल होता, आणि ते काम रंगीत कॅमेऱ्याकडे होतं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सनं तपासल्यावर दोष मंद उजेडाचा निघाला. कमी प्रकाशात गोरे चेहरेही चुकत होते. तरीही आरोप करणाऱ्यांची टर उडवू नये असं मला वाटतं. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांबद्दलची ती शंका पुढच्या दशकात इतर अनेक प्रणालींच्या बाबतीत खरी ठरली.

“प्रत्येक घरी ते त्या माणसाची चाल शिकायचं”

शिकून झालेलं होतं, कारखान्यातून निघण्यापूर्वीच. अंतरांच्या नकाशात माणूस कुठे आणि सोफा कुठे, कोपर कुठे आणि गुडघा कुठे, हे ओळखणारी पद्धत केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये जेमी शॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. त्यासाठी खऱ्या माणसांच्या हालचालींची नोंद घेऊन तिच्यावरून संगणकानंच लाखो कृत्रिम चित्रं तयार केली: उंच, बुटकी, जाड, सडपातळ शरीरं, शेकडो तऱ्हांचे पवित्रे. या चित्रांवर ‘निर्णयवृक्ष’ तयार झाले आणि नकाशातला प्रत्येक बिंदू शरीराच्या ३१ भागांपैकी कुठल्या भागाचा, हे ते सांगू लागले. आधीच्या चित्राचा आधार न घेता प्रत्येक चित्र नव्यानं वाचलं जायचं, त्यामुळे एकदा चूक झाली तरी ती पुढे साचत नसे. खेळ चालू असताना कोणी मध्येच चहा घेऊन आलं तरी यंत्र भांबावत नसे, ते यामुळेच. २०११ मध्ये या कामाला ब्रिटनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचा मॅकरॉबर्ट पुरस्कार मिळाला. तंत्रज्ञान कच्चं होतं म्हणणाऱ्यांनी निदान हा भाग वाचायला हवा.

“इतका चांगला कॅमेरा, तर खेळ आळशी लोकांनी केले”

आता खरा वाद. किनेक्टचे गाजलेले आणि फसलेले खेळ शेजारी ठेवले की कंपन्यांच्या आळसापेक्षा वेगळंच काही दिसतं.

शरीर कुठे आहे हे कॅमेऱ्याला कळतं, पण तुम्ही ‘आता’ कधी म्हणालात ते कळत नाही. बटण दाबणं हा क्षणाचा निर्णय आहे: आधी नव्हता, आता झाला. हवेतल्या हाताला असा क्षणच नसतो. हात पुढे आला तो निवड करायला, की डोकं खाजवायला? म्हणून किनेक्टच्या मेनूत एखाद्या चौकटीवर हात धरून ते गोल वर्तुळ भरेपर्यंत ताटकळावं लागे. बटणानं चुटकीसरशी होणारं काम हात अवघडेस्तोवर चालायचं. त्यात विलंबाची भर. चित्र टिपायचं, नकाशा काढायचा, सांगाडा ओळखायचा, मग खेळात हालचाल दाखवायची. यात सेकंदाचा दहावा हिस्सा आणि कधी त्याहूनही जास्त वेळ जायचा. ऐकायला किरकोळ, पण बंदूक चालवण्याच्या खेळात तेवढ्यात गोळी लागून आपण आडवे झालेले असतो.

तिसरी अडचण पायांची. पडद्यावरचा नायक जंगलभर फिरू शकतो, आपल्या पुढे मात्र टीपॉय आहे. चालायचं कसं, याचं उत्तर सापडलं नाही म्हणून बरेच खेळ रुळावरून चालल्यासारखे झाले: नायक आपोआप पुढे जातो, आपण फक्त हात चालवायचे. ‘किनेक्ट जॉय राइड’मध्ये गाडीचा वेग आपोआप वाढतो, आपण हवेत नसलेलं स्टिअरिंग धरून वळवत राहायचं.

जे खेळ जमले त्यांनी या अडचणींशी झटापट केलीच नाही, त्यांना वळसा घातला. हार्मोनिक्सच्या ‘डान्स सेंट्रल’मध्ये पुढची स्टेप कोणती आणि कधी, हे खेळाला आधीच ठाऊक असतं. तुमचा हात कॅमेऱ्याला किंचित उशिरा दिसला तरी हिशेब मागे जाऊन जुळवता येतो. नाचात ‘आता’ म्हणायची जबाबदारी गाण्याकडे असते, खेळाडूकडे नसते. ‘फ्रूट निन्जा’त सपासप हात फिरवायचा, निवड करायचीच नाही. सोबत फुकट मिळणाऱ्या ‘किनेक्ट अ‍ॅडव्हेंचर्स’मध्ये तराफ्यावर उभं राहून डावी-उजवीकडे सरकायचं आणि उड्या मारायच्या, इतकंच. आजी आणि नातू दोघं पहिल्याच मिनिटाला खेळायला लागतील असा तो खेळ. हे आकर्षण खरंच होतं, त्याला ‘पोरखेळ’ म्हणून झटकणारे गेमर मला नेहमी जरा तुसडे वाटत आले आहेत.

फसण्याचं उत्तम उदाहरण कॅपकॉमच्या ‘स्टील बटालियन’चं. २००२ च्या मूळ खेळासोबत सुमारे ४० बटणांचा, पेडलांचा, टेबलभर पसरणारा कंट्रोलर मिळायचा. महागडा, हास्यास्पद आणि चाहत्यांचा लाडका. २०१२ च्या ‘हेवी आर्मर’मध्ये रणगाड्याच्या आतली कामं, झडप बंद करणं, पेरिस्कोप ओढणं, किनेक्टसमोर हातवारे करून करायची होती. झडप लावायला जावं तर दुसराच दांडा ओढला जाई, आणि तोवर शत्रूचा गोळा आत. ज्या खेळाची सगळी मजा जड खटके दाबण्यात होती त्यातले खटकेच काढून घेतले गेले होते.

जागेचा प्रश्न यापेक्षा साधा आणि आपल्याला जास्त जवळचा. नोव्हेंबर २०१० मध्येच किनेक्ट भारतातही आलं. एका खेळाडूसाठी टीव्हीपासून सुमारे सहा फूट आणि दोघांसाठी आठ फूट मोकळी जागा हवी, अशी शिफारस होती. मुंबईच्या वन रूम किचनमध्ये आठ फूट मोकळे सापडले तर तिथे आधी कपाट येतं. नायको कंपनीनं अंतर कमी करणारी भिंगं विकली, म्हणजे ही तक्रार फक्त आपल्याकडची नव्हती.

“घाम येतो, म्हणजे व्यायाम होतो”

थोडा होतो. २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या लिव्हरपूलच्या संशोधकांच्या अभ्यासात बसून खेळण्यापेक्षा वी स्पोर्ट्स खेळताना किशोरवयीन मुलांची ऊर्जा जास्त खर्च झाली, पण प्रत्यक्ष मैदानातल्या खेळाइतकी नाही. ह्यूस्टनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं ते जास्त बोचरं: मुलांना असे खेळ नुसते घरी देऊन त्यांची एकूण हालचाल वाढली नाही. दोन्ही अभ्यास वीवरचे होते. किनेक्टची जाहिरात करणाऱ्यांनाही ते वाचायला हरकत नव्हती.

“हेरगिरीच्या भीतीनं किनेक्ट मेलं”

भीती होती, आणि तिला कारणही होतं. मे २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन जाहीर झाला तेव्हा नवं किनेक्ट जोडल्याशिवाय तो चालणार नव्हता, आणि हाक मारली की यंत्र जागं व्हावं म्हणून त्याचा मायक्रोफोन झोपेतही कान देऊन असणार होता. पुढच्याच महिन्यात एडवर्ड स्नोडेननं अमेरिकी पाळतीची कागदपत्रं बाहेर काढली. याहून वाईट मुहूर्त सापडला नसता. ऑगस्टमध्ये कंपनीनं सक्ती मागे घेतली.

पण घाव घातला तो किमतीनं. किनेक्टसह एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरचा, सोनीचा प्लेस्टेशन ४ मात्र ३९९ चा. जून २०१४ मध्ये किनेक्टविना ३९९ डॉलरचा एक्सबॉक्स आला आणि त्याच सुमारास किनेक्टसाठी राखलेली ग्राफिक्सची ताकद गेम कंपन्यांना मोकळी करून दिली गेली. आता प्रत्येक गिऱ्हाइकाकडे किनेक्ट असेलच याची खात्री उरली नाही. मग त्यासाठी खेळ कोण करणार? गंमत म्हणजे ज्या कानांना तेव्हा विरोध झाला ते काही वर्षांतच स्मार्ट स्पीकरच्या रूपानं लोकांनी स्वतः विकत घेऊन स्वयंपाकघरात ठेवले.

आणि ‘मेलं’ हेही पूर्ण खरं नाही. किनेक्ट बाजारात येऊन आठवडा व्हायच्या आत हेक्टर मार्टिन यानं ते संगणकाला जोडणारा खुला ड्रायव्हर लिहून अ‍ॅडाफ्रूट या कंपनीनं लावलेलं ३,००० डॉलरचं बक्षीस जिंकलं. त्या स्पर्धेचे पैसे देणारा जॉनी चुंग ली हा किनेक्टच्याच चमूतला, हे नंतर त्यानंच सांगितलं. मग रोबोट बनवणाऱ्यांनी हजारो डॉलरच्या सेन्सरऐवजी हे दीडशे डॉलरचं खेळणं वापरलं. टोरांटोच्या सनीब्रूक रुग्णालयात शल्यचिकित्सक निर्जंतुक हातांनी काहीही न शिवता स्कॅन चाळू लागले. प्राइमसेन्स २०१३ मध्ये अ‍ॅपलनं विकत घेतली. २०१७ च्या आयफोन १० मध्ये चेहऱ्यावर ३०,००० अदृश्य ठिपके टाकणारा प्रोजेक्टर आला, तो याच जातीचा.

‘आता’ कसं म्हणायचं, या प्रश्नावर अलीकडे एक तोडगा निघाला आहे. मेटाच्या क्वेस्ट हेडसेटमध्ये आणि २०२४ च्या अ‍ॅपल व्हिजन प्रोमध्ये निवड करायला अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकवायची. बोट बोटाला लागलं हे कॅमेऱ्याला दिसतं आणि आपल्यालाही जाणवतं. पहिल्या किनेक्टला हे जमणं शक्य नव्हतं. त्याच्या लेखी हाताचा अख्खा पंजा म्हणजे एकच बिंदू होता. तरी क्वेस्टवर ‘बीट सेबर’ खेळताना माणसं कंट्रोलरच हातात घेतात. तलवार चालवायची तर मुठीत काहीतरी लागतंच.