दुखते हातात, मूळ मानेत

घरात कुणाचा हात दुखू लागला की आपण प्रथम तेल गरम करतो आणि दंड चोळायला बसतो. पंधरा दिवस गेले, बाटली संपली, तरी कळ काही जात नाही. अशा वेळी आम्हांला 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आठवते. कारण पुष्कळदा दुखणे हातात असले तरी त्याचे मूळ मानेत असते.

हे कसे घडते ते पाहू. मानेत ७ मणके असतात आणि तेथून मज्जातंतूंच्या ८ जोड्या बाहेर पडतात. त्यांतील खालच्या जोड्या खांद्यातून थेट बोटांपर्यंत जातात. वयोमानाने मणक्यांमधली गादी झिजते, कधी ती बाहेर सरकते, तर कधी मणक्याच्या कडेला हाड वाढते. मग तंतूचे मूळ दाबले जाते आणि कळ त्याच्या वाटेने हातात उतरते. अंगठ्याला मुंग्या आल्या तर सहावा तंतू, मधल्या बोटाला आल्या तर सातवा, करंगळीला आल्या तर आठवा, असा अंदाज डॉक्टर बांधतात. मान मागे नेऊन दुखऱ्या बाजूला कलवली की कळ वाढते. उलट हात डोक्यावर ठेवला की पुष्कळांना बरे वाटते. मात्र मनगटात तंतू दाबला गेला तरी बोटे बधिर होतात, म्हणून तपासणी करून घ्यावीच.

शस्त्रक्रियेच्या भीतीने आपली वडीलधारी माणसे दुखणे लपवतात. ही भीती बहुधा अनाठायी असते. बहुतेकांना औषधे आणि सांगितलेले व्यायाम यांनीच काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आराम पडतो. तोवर मान कडाकडा मोडून घेऊ नये, तासन्‌तास मान खाली घालून मोबाइल पाहू नये आणि अंथरूणही धरू नये.

परंतु हातातली शक्ती जाऊ लागली, सदऱ्याची बटणे लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर विलंब न करता इस्पितळ गाठावे. आणि हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते मानेचे समजू नये. ते हृदयाचे असू शकते. मॉरिशसमध्ये अशा वेळी तत्काळ ११४ या क्रमांकावर फोन करावा.

वाचकहो, तेलाची बाटली जरूर उचला. पण मानेचीही आठवण ठेवा, एवढीच आमची विनंती.