खऱ्या कळा, खोट्या कळा: पोट आवळून येतं तेव्हा आत काय चाललेलं असतं?

आजचा भाग हिंजवडीच्या फ्लॅटमधून नाही, आळ्याहून आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे 34 व्या आठवड्यात लॅपटॉपसकट इकडे आले. ऑडिओत मधूनमधून ट्रॅक्टर आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतील. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे.

विषय आहे खोट्या कळांचा. गेल्या भागानंतर आलेल्या व्हॉइस नोट्समध्ये सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच होता, आणि सध्या माझाही तोच आहे. दिवसातून चार-पाच वेळा माझं पोट असं टणक होतं की वरून टिचकी मारली तर आवाज येईल. अर्धा-एक मिनिट राहतं आणि सैल पडतं. दुखत नाही फारसं, पण प्रत्येक वेळी मनात एकच येतं: हेच ते आहे का?

डॉक्टर याला ब्रॅक्स्टन हिक्स कळा म्हणतात. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरनं 1872 मध्ये त्यांचं वर्णन लिहिलं, म्हणून त्याचं नाव. बायकांना त्या आधीपासून माहीत होत्याच, फक्त पेपर लिहायला कुणी बसलं नाही. आमची आजी सरळ म्हणते, "पोट आवळून येतंय, बस जरा."

गर्भाशय म्हणजे मुळात एक जाड स्नायू. स्नायूचं काम आकुंचन पावणं, आणि हा स्नायू ते काम बाळंतपणाच्या बऱ्याच आधीपासून अधूनमधून करत असतो. शेवटच्या तीन महिन्यांत ते आपल्याला जाणवायला लागतं. पाणी कमी प्यायलं, लघवी तुंबवून ठेवली, दिवसभर उभं राहणं झालं, बाळानं जोरात लाथ मारली, की पोट आवळतं. माझं बहुतेक संध्याकाळी होतं, कारण दिवसभर येणारे-जाणारे पाहुणे आणि त्यांच्याबरोबरचा चहा. चहा म्हणजे पाणी नव्हे, हे घरात कुणाला पटत नाही.

मग खरी कळ वेगळी कशानं? मला वाटायचं, जास्त दुखतं ती खरी. तसं नाही. खरा फरक आहे गर्भाशयाच्या तोंडाशी. नऊ महिने ते लांब, घट्ट आणि बंद असतं. खऱ्या कळांनी ते मऊ होतं, पातळ होतं आणि उघडत उघडत 10 सेंटीमीटरपर्यंत जातं. खोट्या कळांनी ते तसं उघडत जात नाही. हे तोंड बंद राहणं किती महत्त्वाचं, हे आपल्याच माणसानं जगाला दाखवलंय: गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. काही बायकांचं गर्भाशयाचं तोंड वेळेआधीच, कळा न येता उघडतं आणि गर्भ जातो. त्यासाठी तोंडाला टाका घालायची पद्धत त्यांनी 1955 मध्ये मांडली. जगभरच्या पुस्तकांत ती आजही शिरोडकर टाका याच नावानं आहे.

आता अडचण अशी की तोंड उघडतंय का, हे घरी बसून दिसत नाही. ते तपासूनच कळतं. आपल्या हातात असतो फक्त लॉग, आणि लॉग वाचणं हा माझा धंदा आहे.

कळ सुरू झाली की वेळ लिहायची. पुढची सुरू झाली की परत लिहायची. अंतर मोजायचं ते सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंत. संपल्यापासून मोजलं तर आकडा चुकतो. समजा नोंद आहे 7:10, 7:31, 7:38, 8:05. अंतरं झाली 21, 7 आणि 27 मिनिटं. यात काही लय नाही. आणि ही बघा: 2:00, 2:09, 2:17, 2:24, 2:30. म्हणजे 9, 8, 7, 6. अंतर कमी होतंय. सोबत प्रत्येक कळ आधीपेक्षा लांब आणि जोरकस होत असेल, बोलता बोलता थांबावं लागत असेल, तर ती खरी धरायची. खरी कळ बहुतेकदा कमरेतून निघून पुढे येते. खोटी बऱ्याचदा पुढेच राहते. पण हे शंभर टक्के नाही, म्हणून मी वेळेवर जास्त भरवसा ठेवते.

दुसरी तपासणी: दोन ग्लास पाणी प्यायचं, लघवीला जाऊन यायचं, चालत असाल तर डाव्या कुशीवर पडायचं, पडून असाल तर थोडं चालायचं. खोटी कळ यानं विरते. खरीला काही फरक पडत नाही.

पण हा सगळा खेळ 37 आठवड्यांनंतरचा. त्याआधी तासाभरात चार किंवा जास्त वेळा पोट आवळलं, तर वाट न बघता फोन करायचा, असं मला डॉक्टरांनी बजावलंय. वेळेआधीच्या कळा रोखता किंवा लांबवता येऊ शकतात, बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शन देता येतं, पण वेळेत पोचलात तरच. आणि काही गोष्टींत मोजत बसायचंच नाही: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं (हिरवट असेल तर फारच तातडीनं), बाळाची हालचाल कमी होणं, ताप, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, किंवा पोट आवळलं ते सैलच न पडणं. काकू म्हणतात, "थांब गं, पहिलटकरणीला वेळ लागतो." या बाबतीत काकूंचं ऐकायचं नाही.

एरवी मात्र काकूंचं बरोबर आहे. सिनेमात पाणी जातं, लगेच गाडी पळते आणि पुढच्या सीनला बाळ रडतं. प्रत्यक्षात पूर्ण दिवस भरलेल्या दहा जणींपैकी साधारण एकीचंच पाणी कळांआधी जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शनानुसार जोराचा टप्पा धरला जातो 5 सेंटीमीटरपासून, आणि पहिल्या खेपेला तो साधारण 12 तासांच्या आत होतो. त्याआधीचा हळू टप्पा किती चालेल, याला ठरावीक आकडाच नाही. म्हणून दवाखान्यातून "अजून वेळ आहे" म्हणून घरी पाठवलं, तर त्यात लाज कसली? मला तर एकदा रस्त्यात अडकण्यापेक्षा तीनदा परत आलेलं चालेल.

कारण रस्ता हा इथला खरा प्रश्न आहे. पुस्तकातला नियम सांगतो की कळा 5 मिनिटांवर, 1 मिनिट टिकणाऱ्या, आणि हे 1 तास चालू असेल तर निघा. हा नियम दवाखाना कोपऱ्यावर असणाऱ्यांसाठी ठीक. आमचं ठरलंय नारायणगावला जायचं. काही गुंतागुंत झालीच तर पुणं, म्हणजे मध्ये चाकणचं ट्रॅफिक. म्हणून डॉक्टरांनी मला 10 मिनिटांवरच निघायला सांगितलंय. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि जुन्नर तालुक्यात रात्री उसाच्या कडेनं दुचाकीवर कुणी कळा देणाऱ्या बाईला नेत नाही. का, ते बिबट्यांच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको. तेव्हा चारचाकी ठरलेली हवी. आमच्या शेजारच्या दादांना सांगून ठेवलंय, आणि 108 व 102 हे दोन्ही नंबर आई, पप्पा आणि दादा अशा तिघांच्या मोबाईलमध्ये सेव्ह केलेत. आजीला मोबाईल येत नाही, पण हाक मारली की अर्धी आळी गोळा होते.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या शुक्रवारी भाग येईल. नाही आला, तर का ते तुम्हाला कळेलच.