बीदरचा खोजा युसूफ

उमरग्याहून कलबुर्गीला निघालं की वाटेत आळंद लागतं. लाडले मशाक यांच्या दर्ग्यामुळे हे गाव सीमेच्या दोन्ही बाजूंना ठाऊक. साडेपाचशे वर्षांपूर्वी इथं वर्षातून एकदा दहा दिवसांचा बाजार भरे, सगळ्या मुलखातले व्यापारी उतरत आणि विक्रीला वीस हजार घोडे येत. हा आकडा त्वेर या रशियन शहरातल्या अफनासी निकितीन नावाच्या व्यापाऱ्यानं टिपून ठेवला आहे. आकडे फुगवण्याची त्याला सवय होती, हे लक्षात ठेवूनच तो घ्यायचा. याच आळंदमध्ये रात्री ‘गुकुक’ असा आवाज काढणारा एक पक्षी असतो, तो ज्या घरावर बसेल तिथं माणूस मरतो आणि मारायला जावं तर त्याच्या चोचीतून आग निघते, असंही तो लिहितो. घुबडच असणार. गावकऱ्यांनी सांगितलं, यानं लिहून घेतलं.

पाठीवर सॅक टाकून महिनोन्‌महिने भटकणाऱ्यांच्या लेखनात हल्ली सुंदर पहाटा फार असतात. निकितीनच्या वहीत त्या जवळजवळ नाहीत. आहेत ते भाव, जकात, अंतरं, आणि मधूनच फुटलेलं रडू. त्याच्या प्रवासाचा काळ जुने अभ्यासक १४६६ ते १४७२ धरतात, नवे १४६८ ते १४७५. काही असो, सुरुवातच लुटीनं झाली. व्होल्गा नदीवरून खाली येताना अस्त्रखानजवळ तातारांनी माल लुटला, त्यात त्याचे धर्मग्रंथही गेले. लुटल्या गेलेल्यांपैकी गावी ज्याचं काही होतं तो परतला, ज्याच्या डोक्यावर कर्ज होतं तो वाट फुटेल तिकडे गेला, असं तो लिहितो. स्वतः कोणत्या गटातला, ते सांगत नाही. पण गेला तो पुढेच. बाकू, इराण, होर्मुझ करत एक घोडा घेऊन तो चौलच्या बंदरात उतरला.

चौल, पाली, जुन्नर हा पुढचा रस्ता आपल्या पायाखालचा. जुन्नरला पावसाळ्यानं त्याला अडवलं. रात्रंदिवस पाणी आणि चिखल. तिथल्या असदखानानं घोडा काढून घेतला. मुसलमान झालास तर घोडा देईन, वर हजार मोहरा देईन, नाहीतर घोडाही जाईल आणि तुझ्या जिवाच्या हजार मोहरा पडतील. मुदत चार दिवस. ऐन वेळी खोजा मुहम्मद नावाचा एक खुरासानी मध्ये पडला आणि घोडा सुटला. मग ऑगस्टच्या मध्याला निकितीन जुन्नरहून निघाला आणि महिनाभरानं बीदरला पोचला.

आज बीदरच्या किल्ल्यात कुणीही शिरू शकतं. त्यानं पाहिलं तेव्हा सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे होते आणि प्रत्येकावर शंभर पहारेकरी आणि शंभर हिंदू कारकून, आत येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करणारे. परक्याला प्रवेश नाही. रात्री कोतवालाचे हजार स्वार दिवट्या घेऊन शहरभर फिरत. सुलतान वीस वर्षांचा. सत्ता खुरासानी अमीरांच्या हाती. त्यांतला सर्वांत मोठा मलिक-उत-तुज्जार, म्हणजे महमूद गावान. गावानचा मदरसा पुरा झाला १४७२ मध्ये. निळ्या-हिरव्या फरशांचे राहिलेले तुकडे आणि उरलेला एक मिनार अजून उभा आहे. पण या वैभवाच्या वर्णनाला जोडूनच निकितीन लिहितो की अमीर चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यातली माणसं उघडीनागडी आहेत. दरबाराचं मीठ न खाल्लेल्या माणसालाच हे लिहिता येतं.

धंदा मात्र बसला. रशियात विकता येईल असं इथं काहीच नाही, इथं सगळं मिळतं ते मुसलमानी मुलखात खपणारं. मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात जबर आणि समुद्रात चाचे. ज्यांनी भारतात माल मिळेल म्हणून सांगितलं त्यांना त्यानं कुत्री म्हटलं आहे. इथं घोड्यांना हरभरा आणि साखर-तूप घातलेली खिचडी चारतात, हे तो नवलानं नोंदवतो. स्वतःचा घोडा वर्षभर पोसायला अडुसष्ट फनम गेले. तो बीदरला विकला. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी त्याच्यावर ‘परदेसी’ काढला, त्यात त्याच्यासाठी नर्गिस होती. वहीत प्रेमकथा शोधाल तर घोड्याचीच सापडेल.

घोडा गेला आणि मग त्याला माणसं भेटली. तोवर तो बहुतेकांना खोजा युसूफ खुरासानी म्हणूनच ठाऊक होता. बीदरमध्ये त्यानं ओळखीच्या हिंदूंना सांगून टाकलं की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, नाव अफनासी. त्यानंतर त्यांनी आपलं जेवण, व्यवहार, पूजा, घरची बायकामाणसं, काहीच त्याच्यापासून लपवलं नाही. त्यांच्याबरोबर महिनाभराची मजल मारून तो शिवरात्रीला श्रीशैलच्या यात्रेला गेला. काळ्या दगडाचा, सोन्याचा मुलामा दिलेला नंदी, त्याच्या खुराचं चुंबन घेणारे आणि फुलं वाहणारे लोक हे सगळं त्यानं पाहिलं. हिंदूंना श्रीशैल म्हणजे मुसलमानांना मक्का आणि आम्हाला जेरुसलेम, असा हिशोब त्यानं मांडला. परक्या मुलखात आपलं खरं नाव सांगता येणं ही या प्रवासातली मला सर्वांत उंच जागा वाटते.

आणि सर्वांत खोल जागाही तीच, बीदर. ग्रंथ गेल्यामुळे ईस्टर कधी, उपवास कधी, काही कळेना. मुसलमानांच्या सणाच्या नऊ-दहा दिवस आधी आपला सण येतो, असा काहीसा अंदाज बांधून तो दिवस पाळी. शेवटी मुसलमानांच्याच रोज्यांच्या महिन्यात त्यानं आपला उपवास धरला आणि आपला धर्म हातचा गेला म्हणून रडला.

परतताना कलबुर्गीवरून, आळंदवरून तो दाभोळला उतरला. रशियाकडे निघाला, पण स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. वह्या १४७५ मध्ये मॉस्कोत ग्रँड ड्यूकच्या कारकुनाकडे गेल्या आणि पुढे सुमारे साडेतीनशे वर्षांनी इतिहासकार करामझिननं त्या उजेडात आणल्या. त्यानं धर्म बदलला होता का, यावर अभ्यासक अजून भांडतात, कारण वहीच्या शेवटच्या प्रार्थनेत अरबी-फारसी शब्दच जास्त आहेत. मला दुसरीच एक जागा अडवते. देव रशियाची भूमी राखो, तिच्यासारखी भूमी जगात नाही, जरी तिथले सरदार अन्यायी असले, अशा अर्थाची ओळ तो बीदरच्या आठवणींत लिहितो आणि तेवढ्यापुरती रशियन सोडून तुर्की वापरतो. सरदारांना वाचता येऊ नये म्हणून असेल. किंवा इतकी वर्षं वाटेवर काढल्यावर घराची ओढ त्याच भाषेत आधी आली असेल.