माहिती वर, जोखीम खाली

गेल्या चैत्रात आमच्या नातेपुत्याच्या पेठेतील एक जुनी वितरण-पेढी बंद झाली. पेढीचे दिवाळे निघाले नव्हते, की भावाभावांत वाटणीचा तंटाही नव्हता. ज्या कंपनीचा साबण, टूथपेस्ट आणि चहा या पेढीने दोन पिढ्या माळशिरस तालुक्याच्या पश्चिम भागातील खेड्यापाड्यांत पोचवला, तिने ई-मेलने एवढेच कळवले, की यापुढे किरकोळ दुकानदारांची मागणी मोबाईलच्या ॲपवरून थेट घेण्यात येईल, माल दूरच्या मोठ्या गोदामातून निघेल, आणि अनामत रकमेचा हिशेब पुरा होताच ती खात्यावर वर्ग करण्यात येईल. पत्राखाली कोणा मनुष्याची सही नव्हती. अशाच एका पेढीच्या दप्तरात ज्याने उमेदीची वर्षे रोजमेळ आणि खतावणी लिहिण्यात घालवली, त्या माझ्यासारख्याला हा प्रसंग झोंबला तर त्यात नवल नाही. आणि तो झोंबला आहे हे प्रारंभीच सांगितलेले बरे, कारण पुढील मागोव्यात निःपक्षपाताचा आव आणण्याचा माझा विचार नाही.

फार मागचा काळ मी भराभर ओलांडणार आहे. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले, माळीनगर, श्रीपूर आणि पुढे सदाशिवनगर येथे साखर कारखाने उभे राहिले, आणि उसाच्या पैशावर पेठ वाढली, एवढे सांगितले की अर्धशतकाचा वृत्तांत सांगून संपतो. हळद सांगलीहून, साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलमहून आणि बाकी बहुतेक माल पुण्याच्या घाऊक बाजारातून येई. मागणी पोस्टकार्डाने जाई, तातडी असल्यास ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसावे लागे, आणि बिल्टी हाती पडेपर्यंत माल वाटेत आहे की अजून निघालाच नाही, हे परमेश्वराखेरीज कोणास ठाऊक नसे. या काळाचे गोडवे गाणारे लोक मला अजून भेटतात. त्यांनी पावसात भिजलेल्या साखरेच्या पोत्यांची भरपाई एकदा वाहतूकदाराकडून वसूल करून दाखवावी, एवढेच माझे त्यांना सांगणे आहे.

दरम्यान जगात बरेच काही घडून गेले होते. 26 जून 1974 रोजी अमेरिकेतील ओहायो प्रांतातल्या ट्रॉय गावी च्युइंगमच्या एका पुडक्यावरील काळ्या रेघा दुकानाच्या गल्ल्यावर यंत्राने प्रथम वाचल्या. 1991 मध्ये वॉलमार्टने आपल्या दुकानांतील विक्रीचे आकडे पुरवठादारांना संगणकावर पाहता येतील अशी व्यवस्था केली. आणि 1996 मध्ये आपल्या देशातही बारकोड देणारी संस्था स्थापन होऊन वेष्टनांवर 890 या आकड्याने सुरू होणाऱ्या रेघा दिसू लागल्या. आमच्या पेठेत त्या वाचणारे यंत्र नव्हते, त्यामुळे ती छापखान्याची काहीतरी नक्षी असावी अशीच सर्वांची समजूत होती.

मला खरोखर बोलावयाचे आहे ते 1998 ते 2008 या दशकाविषयी. या दशकाच्या आरंभी आमच्या पेढीत संगणक आला, त्याच्यासोबत करकर आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आला, आणि लाल कापडी बासनातील वह्यांशेजारी टॅलीची बिले साठू लागली. दर शनिवारी शिल्लक मालाचा तक्ता फ्लॉपीवर उतरवून ती पुण्याच्या डेपोकडे एस.टी.च्या पार्सलाने रवाना करावी, आणि तेथील साहेबांनी ती उघडत नाही असा शेरा मारून परत पाठवावी, हा व्यवहार कैक महिने चालला. पुढे टेलिफोनच्या तारेवरून आकडे जाऊ लागले, तर ग्रामीण भागातील भारनियमन दहा-बारा तासांवर गेले. मग रात्री वीज आली की दिवसभराची बिले चढवावयाची आणि पहाटे टेम्पो भरावयाचा, अशी आमची दिनचर्या ठरली. एवढे हाल होऊनही मी त्या दशकास आमच्या पेठेचे सर्वांत शहाणे दशक मानतो, आणि त्याला कारण आहे.

व्यापाराचा एक जुना रोग असा, की तळच्या दुकानातील मागणीत झालेला लहानसा फेरफार वरच्या प्रत्येक पायरीवर फुगत जातो. दुकानदार दोन पेट्या अधिक मागतो, वितरक सावधगिरीने चार मागतो, डेपो दहा मागतो, कारखाना वीस तयार करतो, आणि मग एकाएकी सर्वांचेच हात आखडतात. स्टॅनफर्डचे प्राध्यापक हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये या रोगाची शास्त्रशुद्ध मीमांसा केली. गल्ल्यावरील खरी विक्री साखळीतील सर्वांना कळू द्यावी, हा त्यांनी सांगितलेल्या उपायांपैकी मुख्य. आपल्याकडे तेव्हाच्या हिंदुस्थान लिव्हरने 2001 च्या सुमारास आपल्या वितरकांना इंटरनेटने जोडण्यास आरंभ केला, तो याच विचाराने, आणि इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. आमच्या पेढीपुरते बोलायचे तर मुदत टळलेल्या मालाचा ढीग दिसतादिसता उतरला, आणि ज्या क्लेमांच्या फायली वर्ष वर्ष धूळ खात पडत त्यांचा निकाल महिन्या-दोन महिन्यांत लागू लागला. 1 एप्रिल 2005 रोजी व्हॅट आला तेव्हा पेठेत मोठा आकांत झाला. पण सर्वांत मोठ्याने जे रडले त्यांचा निम्मा धंदा कच्च्या बिलावर चालत होता, हे मला त्यांच्या वह्यांवरून ठाऊक होते, आणि आता इतक्या वर्षांनी ते सांगण्यास हरकत नाही.

परंतु त्या दशकाचे खरे वैभव यंत्रात नव्हते, यंत्राला जाब विचारणारा मनुष्य तेव्हा जागेवर होता, यात ते होते. आमचा सेल्समन सोमवारी धर्मपुरीच्या, मंगळवारी मोरोचीच्या, बुधवारी फोंडशिरस-दहिगावच्या लाईनवर जाई. त्याच्या खिशात ऑर्डरबुक आणि पंचांगाचे पान अशी दोन्ही असत. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला कावडी निघाल्या की काय खपते, आणि आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडहून येऊन नातेपुत्यास मुक्कामी राहते तेव्हा एका रात्रीत पेठेचा किती माल उठतो, हे त्याला तोंडपाठ होते. दिंड्यांना पोहे, शेंगदाणे, गूळ, साखर, चहा लागतो, पण त्याहून अधिक खपतात त्या कापूर, वेदनाशामक मलम, बॅटरीचे सेल आणि साबणाच्या लहान वड्या. हे संगणकाने सुचवलेले नव्हते. संगणकाच्या तक्त्यावर लाल शाईने दुरुस्ती करण्याचा अधिकार त्या सेल्समनला होता, आणि डेपोतील अधिकारी ती दुरुस्ती मान्य करीत.

यानंतरची वर्षे आमच्या पुढाऱ्यांनी आणि अर्थपंडितांनी वाया घालवली, असे माझे स्पष्ट मत आहे. सप्टेंबर 2012 मध्ये केंद्र सरकारने बहुब्रँड किरकोळ व्यापारात 51 टक्के परकी भांडवलास परवानगी दिली, तेव्हा गावोगावी बंद पुकारले गेले. परकी दुकान आले की किराणा संपला असे एका बाजूचे लोक सांगत, आणि परकी दुकान आले की शेतकऱ्याचे कोटकल्याण होईल असे दुसऱ्या बाजूचे. टेस्को वगळता त्या दाराने फारसे कोणी आलेच नाही. दारावर असा कलह चालू असता पाहुणा मागच्या बाजूने, गोदामातून आणि तारेवरून, आत येऊन बसला होता. 2018 मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे 77 टक्के हिस्सा 16 अब्ज डॉलरना घेतला, तेव्हा बंद पुकारण्यास पूर्वीइतके लोक उरले नव्हते. ज्यांनी दुकानाची पाटी पाहिली आणि पुरवठ्याची वाट पाहिली नाही, त्या दोन्ही पक्षांच्या पंडितांकडून त्या भाकितांची रुजवात मागणारा आजवर कोणी निघालेला नाही.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि 25 मे 2018 पासून महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसही ई-वे बिल लागू झाले. नाक्यावरचा खोळंबा संपला, हे उत्तमच झाले. मात्र पूर्वी आंतरराज्य विक्रीकर वाचवण्यासाठी कंपन्यांना प्रत्येक राज्यात डेपो ठेवावा लागे, ते कारणच नाहीसे झाल्याने लहान डेपो मिटून थोडी प्रचंड गोदामे उरली. आणि गोदाम जसजसे दूर गेले, तसतसे मधल्या पेढीचे प्रयोजनही कागदोपत्री क्षीण होत गेले. 2020 च्या टाळेबंदीत दुकानदारांना मोबाईलवरून मागणी नोंदवण्याची सवय लागली. युनिलिव्हरच्या शिखर या ॲपवर आज दहा लाखांहून अधिक दुकाने आहेत, आणि उडान, जिओमार्ट यांनी कंपनी व दुकान यांच्यामधील जागा आपल्याकडे घेतली. वितरकाच्या पदरात सामान्यतः शेकडा तीन ते पाच रुपये पडतात. त्याच मालाचा वितरकाच्या भावाहून कितीतरी स्वस्त भाव दुकानदाराला मोबाईलवर दिसू लागला, तेव्हा सांगली जिल्ह्यातील विट्यासारख्या गावच्या वितरकांची कैफियत परदेशी वृत्तसंस्थांनीही छापली. 1 जानेवारी 2022 पासून महाराष्ट्रातील वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवून असहकार पुकारला. त्यांची मागणी सवलतीची नव्हती. सर्वांना एकच भाव द्या, एवढीच होती. मला तो लढा त्या सर्व काळातील एकमेव मुद्देसूद लढा वाटतो.

आता ताज्या तक्रारीकडे वळतो. यांत्रिक हिशेब इंग्रजी तारखेवर चालतो आणि आमची पेठ तिथीवर चालते. 2023 मध्ये आषाढी एकादशी 29 जूनला होती. त्या वर्षी अधिक श्रावण पडल्यामुळे 2024 मध्ये ती 17 जुलैला आली, म्हणजे तब्बल 18 दिवस पुढे सरकली. ॲपने आदल्या वर्षीचा खप पाहून जूनच्या तिसऱ्या आठवड्यातच दुकानदारांना भरघोस मागणी सुचवली, अनेकांनी ती बोट लावून मान्य केली, पैसे अडकले, आणि पालखी प्रत्यक्ष आली तेव्हा पाहिजे त्या मालाला गोदाम नकार देत होते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने एकादशी 25 जुलैवर जाते. आदल्या वर्षी ती 6 जुलैला होती. पंचांग यंत्रास शिकवता येणार नाही असे मी म्हणत नाही; सहज शिकवता येईल. पण शिकवा म्हणून सांगावे कोणाला, हा प्रश्न आहे, कारण लाल शाईचा अधिकार ज्याच्याकडे होता तो मनुष्य आता त्या साखळीत नाही, आणि ॲपवरील तक्रारीस मिळणारे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते.

याहून गंभीर गोष्ट उधारीची. माल जसा वरून खाली येई, तशी सवडही वरून खाली येई: पुण्याचा घाऊक व्यापारी पेढीस महिन्याची मुदत देई, पेढी दुकानदारास देई, आणि दुकानदार शेतकऱ्यास उसाचे बिल होईपर्यंत थांबे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयास पाहिजेत. किती कारखाने ही मुदत पाळतात हे माळशिरस तालुक्यातील शेतकऱ्याला मी सांगावयास नको. आज ॲपवर माल घेताना पैसे आधी किंवा आठवड्याच्या आत भरावे लागतात, पण शेतकऱ्याचे बिल मात्र पूर्वीच्याच गतीने येते. मधला सारा काळ दुकानदाराने एकट्याने सोसावयाचा. गल्ल्यावर काय विकले गेले ते क्षणार्धात मुंबईस कळते. मुंबईने मोठ्या ग्राहकास कोणता भाव दिला ते मात्र नातेपुत्यास कधीच कळत नाही. माहिती तेवढी वर जाते आणि जोखीम तेवढी खाली राहते, हाच या पंचवीस वर्षांच्या जमाखर्चाचा ताळा आहे.

हे असेच असावे लागते, असे मात्र नाही. रेशनच्या दुकानातील ई-पॉस यंत्राविषयी कितीही कुरकुर असो, कोणत्या दुकानात किती धान्य आले आणि किती वाटले गेले हे शासनाच्या संकेतस्थळावर कोणाही नागरिकास पाहता येते. म्हणजे तीच वीज आणि तेच यंत्र, पण माहिती खालीही येते. आणि संघटित मागणीची शक्ती पाहावयाची तर 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायत सभासद कुटुंबांच्या याद्या एकत्र करून वाणसामान घाऊक भावाने खरेदी करीत आली आहे. तिने हे काम आरंभिले तेव्हा संगणक नव्हता, फक्त कागद आणि परस्परांवर विश्वास होता.

म्हणून नातेपुते, माळशिरस आणि अकलूज येथील किराणा व्यापाऱ्यांना माझे सांगणे आहे, की ॲप फेकून देऊ नका, पण आपल्या विक्रीची नोंद प्रथम आपल्या दप्तरात ठेवा, पालखी आणि शिंगणापूरच्या यात्रेची मागणी तिथीप्रमाणे एकत्रित नोंदवा, आणि सर्वांना एकच भावपत्रक मिळेपर्यंत ती मागणी कोणत्याही एका कंपनीच्या हवाली करू नका. शेतकरी वाचकांस विनंती एवढीच, की उसाचे बिल जमा झाले की पहिली फेड किराणा दुकानाची करावी. त्या दुकानदाराला आता वरून सवड देणारा कोणी उरलेला नाही.