उन्हाच्या वेळापत्रकावर

सकाळी 6. पहिला फोन न्हाणीतला. मोरीतून सापाचं पिल्लू निघालंय, आता मागून आई येईल, असा घरच्यांचा हिशेब. जाऊन बघतो तर पिल्लू नाही, पूर्ण वाढलेला वाळा. वीतभर, काळपट, चकचकीत, मुंग्या-वाळवीच्या अंड्यांवर जगणारा. तो कानात शिरतो असं लोक म्हणतात. खरी नवलाई वेगळीच आहे: या जातीत सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. हे ऐकून घरातल्या आजी म्हणाल्या, "बरं हाय की मग, कटकट न्हाई." कुंडीतल्या मातीत सोडला. कुंड्यांच्या मातीतूनच हा साप जगभर पोचलाय.

सकाळी 8. दुकान उघडलं. पोटापाण्याला मोटार रिवायंडिंग आहे. साप धरणं हा धंदा नव्हे, आणि त्याचे पैसे मागणाऱ्या माणसाला घरात घेऊ नये. समोरच्या कुंपणावर सरडे उन्हाला पाठ देऊन बसलेत. आपण खाल्लेल्या घासातून अंग गरम ठेवतो. हे ऊब बाहेरून घेतात. म्हणून त्यांना खायलाही थोडं लागतं, एखादी मोठी घूस गिळलेला साप कितीतरी दिवस निवांत पडून असतो. आणि म्हणूनच माझा दिवस माझ्या हातात नाही. कोणी कधी बाहेर पडायचं ते ऊन ठरवतं.

सकाळी 10.30. ऊन तापलं की धामण फिरते. आज ती पत्र्याच्या शेडमध्ये, खताच्या पोत्यांमागं, सहा-सात फुटांची. मी पोचेपर्यंत दोघांनी काठ्या घेतल्या होत्या. धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणे. सापाच्या तोंडाला चोखणं जमतच नाही, हे सांगून उपयोग होत नाही. उंदरांनी कुरतडलेली पोती दाखवली की होतो. नागपंचमीला पुजायचा तो विषारी नाग आणि मारायची ती बिनविषारी धामण, हा आमच्याकडचा जुना न्याय.

दुपारी 1.30. भर उन्हात साप सावली धरतात, पण घोरपडीला ते मानवतं. शेततळ्यात एक पडली होती. तळ्याला प्लास्टिकचं अस्तर; ज्या नखांनी ती दगडी कपार चढते, ती त्यावर नुसती घसरतात. पोहून पोहून थकलेली. हात घालायची गरज नव्हती. बाभळीची लांब फांदी दोरीनं बांधून आत सोडली आणि सगळ्यांना लांब बसवलं. अर्ध्या तासानं ती फांदीला चिकटली, दुभंगलेली जीभ दोन-चारदा बाहेर काढून वास घेतला आणि वर आली. जिभेवर आलेले वासाचे कण टाळूतल्या अवयवाला पोचवायचे, ही रीत सापांची आणि घोरपडीची सारखीच. तिथलेच एक काका तेलाचं विचारू लागले, गुडघ्याला गुण येतो म्हणून. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तुरुंग आहे म्हटल्यावर गुडघा बरा झाला. तळ्यात काथ्याचा जुना दोर कायमचा सोडून ठेवा, एवढं शेतकऱ्याला सांगितलं.

दुपारी 4. अनोळखी फोन: "मांडूळ मिळंल का? वजनावर भाव देऊ." बोथट शेपटीमुळं त्याला दोन तोंडं आहेत असं वाटतं, आणि गुप्तधनाच्या खुळापायी हा गरीब साप पोत्यात भरून विकला जातो. नंबर वन खात्याच्या माणसाला पाठवून दिला.

संध्याकाळी 5.30. मळणीसाठी सोयाबीनची बनीम उपसत होते आणि खालून कुकरची शिट्टी यावी तसा आवाज आला. घोणस. अंगावर साखळीसारखे गडद डाग, त्रिकोणी डोकं. बनिमीखाली उंदीर आणि ऊब, दोन्ही असतं. ती तिथंच येणार. अजगराचं पिल्लू समजून तिला हात लावणारेही असतात. फुरशाला उघडा खडकाळ माळ आवडतो, पण पिकातल्या माणसाची गाठ पडते ती हिच्याशी. अंडी न घालता ती थेट पिल्लं देते, तीस-चाळीससुद्धा, आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येकाकडे विष असतं. हुकानं डोकं पाईपकडे वळवलं. पुढं अंधार दिसला की ती आपणहून पिशवीत सरकते. शेपटीला धरून फोटो काढणाऱ्या सर्पमित्रांबद्दल मी काही बोलत नाही.

बायांना जवळ बोलावून सांगितलं: पेंढी हातानं नाही, आधी काठीनं हलवायची. पान लागलंच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाच्या ओट्यावर वेळ घालवायचा नाही. हातपाय न हलवता थेट निलंग्याचा सरकारी दवाखाना. घोणशीचं विष रक्ताचं गोठणं मोडतं. डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवतात. गोठलं नाही तर लस. ती घोड्यांच्या रक्तापासून बनते आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच चालते, म्हणून साप मारून सोबत न्यायचं काम नाही. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक खेड्यातली.

रात्री 8. दिवसाच्या नोंदी वन खात्याच्या वहीत. घोणस वस्तीपासून लांब, पण त्याच शिवारात सोडली. फार दूर नेलेला साप नव्या जागी तगत नाही.

रात्री 11.40. व्हॉट्सॲपवर हललेला फोटो, मागोमाग फोन. काळा साप, पांढरे पट्टे, भिंतीच्या कडेला.

"दादा, कवड्या हाय का मण्यार?"

"पट्टे मानेपाशी ठळक हायत का शेपटीकडं?"

"शेपटीकडं. मानेजवळ पुसट हायत."

म्हणजे मण्यार. कवड्याचं उलटं असतं. मण्यार रात्रीच फिरते, दुसरे साप खाते, आणि तिचा दंश बऱ्याचदा कळतही नाही; जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो.

"कोण चावलं-बिवलं न्हाई ना? लेकरं कुठं झोपलीत?"

"खालीच, सतरंजीवर."

"आधी त्येन्ला उठवून बाजेवर घ्या. मच्छरदाणी गादीखाली खोचा. दारातला दिवा चालू ठिवा, एकानं लांबून नजर ठिवा. निघालो मी."