धारेच्या वेळी वाजलेला फोन

पनवेल तालुक्यात नेऱ्याच्या पुढे, माथेरानच्या डोंगराखाली आमची अडीच एकर जमीन आहे. आम्ही राहतो खारघरला. शेतावर चार गायी, भेंडी-गवार आणि पालेभाज्यांचे वाफे, पावसाळ्यात भात, थंडीत वाल. दोघं कायमची कामाला आहेत, लावणी-कापणीला शेजारच्या वाडीवरून आठ-दहा जण येतात. नवी मुंबईत राहून पनवेल, उरण, खालापूरकडे शेती करणारी अशी बरीच घरं आहेत. एकमेकांना भेटलो की बोलणं हमखास एका तक्रारीवर येतं : माणसं सारखी मोबाईलवर असतात, करायचं काय?

मीही हेच विचारत होते. सकाळी आल्या आल्या सगळ्यांनी फोन पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि संध्याकाळी घेऊन जायचे, असा नियम मी एकदा जाहीर केला. शेत सांभाळणारे मामा काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःचा फोन उघडून माझ्यापुढे धरला. "ताई, आज कोणाकोणाचे फोन आले ते बघा. मग टाकतो डब्यात."

त्या दिवशी त्यांना बारा फोन आले होते आणि त्यातले नऊ माझे होते. भेंडी तोडली का, मोटार बंद केली का, टेम्पो निघाला का, वासरू दूध पितंय का. पहिला फोन सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे ऐन धारेच्या वेळी.

तेव्हापासून मी या विषयाकडे नीट बघायला लागले. आपण मालक मंडळी जे छातीठोकपणे बोलतो, त्यातलं बरंच चुकीचं असतं.

"माणसं वेळ घालवतात, म्हणून काम बुडतं"

काही जण वेळ घालवतात, हे खरंच आहे. पण किती काम बुडलं, हे फोन किती वेळ चालला त्यावरून कळत नाही. कोणत्या कामात तो वाजला, यावरून कळतं. गवत कापताना दोन मिनिटं बोललं तर दोन मिनिटांचं गवत राहतं. धारेला मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

कास धुतली, सड चोळले की गाय पान्हावते. तिच्या रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक उतरतं आणि कासेतलं दूध खाली येतं. त्याचा जोर जेमतेम पाच ते सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात फोन वाजला, हात पुसून मामा उठले आणि "हो ताई, तोडतोय भेंडी" म्हणून परत बसले, की पान्हा ओसरलेला असतो. गाय दूध चोरते असं आपण म्हणतो, पण बिचारीच्या हातात काही नसतं. मागे राहिलेलं दूध म्हणजे जंतूंना खाद्य, आणि तिथून कासदाहाला वाट मिळते. शिवाय फोनला लागलेला हात पुन्हा सडाला लागतो. धार संपल्यावरही सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं असतं. म्हणून गाय लगेच शेणात बसू नये यासाठी तिच्यापुढे वैरण टाकून तिला उभी ठेवायची असते. हा अर्धा-पाऊण तास गोठ्यात फोन नको, हे मामांना माझ्याआधी माहीत होतं. ते पाळत नव्हते ती मी.

म्हणून आमच्याकडे पहिला नियम मालकिणीसाठी झाला. फोन करायचा तो सकाळी आठनंतर, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधलं सगळं मेसेजवर. खरीच घाई असेल तर लागोपाठ दोनदा रिंग. एकदाच वाजली तर उठायचं नाही. डबा गेला, गोठ्याबाहेर खुंट्यांना कापडी पिशव्या आल्या. फोन ज्याचा त्याच्या पिशवीत, वाजला तर ऐकू येईल असा.

"शेतमजुराला कामावर फोन लागतोच कशाला?"

हा प्रश्न ऐकला की मला खरोखर वाईट वाटतं. आपल्या कार्यालयात आपल्याला असं कोणी विचारलं तर?

मजुरी आता यूपीआयने येते. आधार पडताळणीचा ओटीपी दहा मिनिटांत वापरावा लागतो. तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. 2025 साली लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा आमच्याकडे वाल निंदायला आलेल्या बायकांची दिवसभर हीच धावपळ होती. बांधावर उभं राहून एकीने नंबर वाचायचा, दुसरीने घरी मुलीला सांगायचा. त्या दिवशी फोनबंदी असती, तर तिचा महिन्याचा 1,500 रुपयांचा हप्ता लांबला असता.

आणि शेतीचं कामच आता फोनमध्ये शिरलंय. सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायला महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीचं अॅप आहे. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. 2025 च्या खरिपाआधी पीकविम्यात पावसाने नुकसान झालं तर 72 तासांच्या आत कळवावं लागायचं. वाशीच्या भाजी मार्केटात माल पहाटेच्या आधी पोचतो आणि आज किती तोडायचं हे आदल्या दिवशीच्या भावावर ठरतं. तो भाव व्यापाऱ्याच्या फोनवरूनच कळतो. आमची अर्धी भाजी खारघरमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विकली जाते. वाफ्यातल्या लाल माठाचा फोटो कोण पाठवतं? मामांची सून. म्हणजे फोटो पाठवला की ती कामसू, आणि पुढच्या मिनिटाला आईशी बोलली की कामचुकार. हा न्याय काही बरा नाही. आता फोटो आणि ऑर्डरसाठी शेताचा वेगळा फोन आहे. कामाचा डेटा तिने स्वतःच्या रिचार्जमधून का द्यावा?

"शेत आपलं, नियम आपला : फोन ठेवून घेऊ, नाहीतर शंभर रुपये कापू"

असं बोलणारे सज्जन लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यांना कायदा माहीत नसतो, एवढंच.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली आहे. दंड करायचा तर कशाकशाला करणार याची यादी आधी सरकारी मान्यता घेऊन कामाच्या जागी लावावी लागते. माणसाला खुलासा करायची संधी द्यावी लागते. एका वेतनकाळातला सगळा दंड मिळून त्या वेतनाच्या 3 टक्क्यांवर जाता येत नाही. 12,000 पगार असेल तर ही मर्यादा 360 रुपये. शंभराच्या हिशेबाने चौथ्या फोनलाच आपण कायद्याबाहेर. दंडाची नोंद वहीत ठेवायची आणि जमलेला पैसा कामगारांच्याच भल्यासाठी वापरायचा, आपल्या खिशात घालायचा नाही. अडीच एकराच्या शेतावर हे सगळं करणारा मालक मी अजून पाहिलेला नाही.

फोन काढून घेण्याचं प्रकरण याहून गंभीर आहे. रायगडात कातकरी कुटुंबं उचल घेऊन कामाला जातात, मुक्कामालाच राहतात, हे आपल्याला ठाऊक आहे. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने संपली, पण उचलीच्या आडून ती कशी परत येते तेही आपण पाहिलंय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीचे श्रम ओळखायच्या अकरा खुणा सांगितल्या आहेत. त्यांत कर्जात अडकवणं आहे, ओळखपत्रं ठेवून घेणं आहे आणि बाहेरच्या जगापासून माणसाला तोडणंही आहे. आधीच उचल दिलेल्या आणि शेतावर राहणाऱ्या माणसाचा फोन कुलपात ठेवला, तर आपण शिस्त लावतोय असं आपल्याला वाटेल, पण बाहेरून बघणाऱ्याला वेगळंच दिसेल. आणि त्याला दिसलेलं खोटं नसेल.

"इअरफोन लावला की हात मोकळे, मग काय धोका?"

ट्रॅक्टर ताशी 15 किलोमीटरने चालला तर सेकंदाला चार मीटर जातो. स्क्रीनवर तीन सेकंद नजर गेली, की आमचा अख्खा वाफा मागे पडतो. रोटाव्हेटर किंवा पंप फिरवणारा मागचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. इअरफोनची लोंबणारी वायर किंवा पदर त्यात सापडला, तर हात मागे घ्यायला तेवढा वेळच नसतो. ट्रॅक्टर गावच्या रस्त्यावर आला की मोटार वाहन कायदा आहेच. 2019 च्या दुरुस्तीनंतर चालवताना हातात फोन धरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं, आणि पहिल्या गुन्ह्यालाही 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, मळणी यंत्र : इथे बंदी पूर्ण. याबाबत आमच्याकडे कोणीच वाद घातला नाही.

"फवारताना फोन खिशात असला तर काय बिघडतं?"

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच, आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच जातं.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हापासून हातमोजे, मास्क यांवर थोडं तरी बोललं जातं. फोनवर कोणी बोलत नाही. माणूस मोजे घालून औषध कालवतो. फोन वाजतो. मोजा काढतो किंवा काढतही नाही, फोन उचलतो, कानाला लावतो. घाम आलेल्या गालावर औषधाचे कण लागतात. दुपारी हात साबणाने धुतो, भाकरी खातो, आणि खाता खाता त्याच फोनवर बोट फिरवतो. हात धुतला, फोन धुतला नाही. संध्याकाळी तोच फोन घरी दीड वर्षाच्या नातवाच्या हातात जातो आणि मूल तो तोंडात घालतं.

मामांच्या नातवाला मी हे करताना स्वतः पाहिलंय. त्या दिवशी फवारणी नव्हती, पण माझ्या पोटात गोळा आला.

बरीच कीटकनाशकं कातडीतूनही अंगात जातात, तोंडातूनच जावी लागतात असं नाही. डब्यावरच्या चौकोनातला रंग बघा : लाल म्हणजे सर्वात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. रंग कुठलाही असला तरी फवारणीच्या दिवशी आमच्याकडे फवारणाऱ्याचा फोन दुसऱ्याकडे असतो. पाणी भरून देणारीकडे नाही, कारण तिच्याही हाताला औषध लागतं. लांब सावलीत बसलेल्या तिसऱ्या माणसाकडे. घरून फोन आला तर तो सांगतो, "फवारणीवर आहेत, तासाने करतील." अंघोळ करून, कपडे बदलून मगच फोन परत. एवढ्याला काही खर्च येत नाही.

"वीज फोनकडे खेचली जाते"

नाही. मोबाईल वीज ओढून घेत नाही. तो इतका लहान आहे की ढगातल्या विजेच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखाच. उघड्या शेतात उभा राहिलेला माणूस, एकटं झाड, लोखंडी खांब, पाण्याने भरलेलं खाचर, धोका त्यांचा असतो. फोन बंद करून जो आंब्याखाली जाऊन उभा राहतो, तो उलट मरणाच्या जवळ जातो.

उलट फोन इथे उपयोगाचाच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अॅप आसपासच्या 20 ते 40 किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं. मेच्या अखेरीला आणि परतीच्या पावसात आमच्याकडे एकाच्या फोनवर ते चालू असतं. फोन नसेल तर मोजायचं : लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम सोडून पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

"कॅमेरे लावले की प्रश्न मिटतो"

फाटकावर, गोठ्यावर कॅमेरा ठीक. बायका जेवायला बसतात, पडवीत कपडे बदलतात, तिकडे तो वळवू नका. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, तो हक्क मजुरी करणाऱ्यांनाही आहे.

आता एक शेवटचं, आमच्या डोंगराखालच्या भागाचं. इथे घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. आपण जवळ गेलो की घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, आणि हा इशारा उघड्या कानालाच ऐकू येतो. म्हणून भात कापताना, पेंढा उचलताना दोन्ही कान मोकळे. गाणी हवी असतील तर मधोमध एक छोटा स्पीकर ठेवतो. बायका त्यावर आपापल्या पसंतीची गाणी लावतात.

पण साप चावलाच, तर 108 ला फोन लागला पाहिजे, आणि आमच्या शेतावर सगळीकडे रेंज नाही. ती हमखास येते पूर्वेच्या बांधावरच्या एका खडकावर. तिथे आम्ही चुन्याने गोल खूण केली आहे. खोपटाच्या दारावर 108, 112 आणि टेम्पोवाल्याचा नंबर रंगवलाय. लावणीला नवीन माणूस आला की चहाच्या आधी मामा त्याला त्या खडकापाशी नेतात, त्याच्याच फोनवरून मला एक रिंग द्यायला लावतात आणि मग चिखलात उतरवतात. हा फोन मात्र मी कधीही उचलते.